तुऱ्यापासून अननस

अननस घेताना आपण फळ हातात धरून बघतो, बुडाशी हुंगतो, डोळे पिवळे झालेत का ते पाहतो. तुऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मंडईत तर आपण काही बोलायच्या आत फळवाला सुरीच्या एका घावात तुरा उडवून पाटीत टाकतो आणि साल काढायला लागतो. त्या पाटीतला प्रत्येक धडधाकट तुरा हे जिवंत रोप असतं, त्याला फक्त मुळं फुटायची राहिलेली असतात. कुंडीत, गच्चीवर किंवा दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळणाऱ्या गॅलरीत त्याच तुऱ्यापासून घरचा अननस पिकवता येतो. त्याला दोन वर्षं लागतात, कधी तीनही लागतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण एवढ्या काळात तुमच्याकडून इतकं कमी मागणारं दुसरं फळझाड कुंडीसाठी मला माहीत नाही. चार-आठ दिवस गावाला गेलात तरी ते खुशाल राहतं.

लावायचं कसं हे सांगण्याआधी या झाडाचा स्वभाव सांगायला हवा, कारण घरी लावलेले अननस दुर्लक्षामुळे क्वचितच मरतात. बहुतेक मरतात ते रोज प्रेमाने घातलेल्या पाण्यामुळे.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ब्राझील-पॅराग्वेच्या बाजूचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला आणि अकबराच्या काळापर्यंत त्याची ओळख उत्तरेलाही झाली होती. अबुल फझलने ‘आइन-ए-अकबरी’त फळांची माहिती देताना नोंदवून ठेवलं आहे की, अननसाचं कोवळं रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येतं आणि ते फळही देतं. जहांगीरने आपल्या आठवणींत आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दरवर्षी हजारो अननस धरत असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे कुंडीतला अननस ही काही आजच्या फ्लॅटमधली हौस नाही, चारशे वर्षांपूर्वीही तो भांड्यात वाढत होता.

अननसाच्या कुळातली पुष्कळ झाडं दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर किंवा खडकांवर वाढतात. अननस जमिनीत वाढतो खरा, पण मुळं उथळच ठेवतो. त्याची पानं अशी रचलेली असतात की पाऊस असो वा दव, प्रत्येक थेंब पन्हळीतून यावा तसा घरंगळत पानाच्या बुडाशी जाऊन साठतो. तिथल्या बेचक्यातून झाड पाणी पितं आणि त्या पाण्यात खत विरघळलेलं असेल तर तेही घेतं. दुसरं वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. अननस उन्हाच्या वेळी ही छिद्रं मिटून बसतो, रात्रीच्या गारव्यात उघडतो, तेव्हा घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपात पानात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतो. म्हणून त्याला ऊन भरपूर हवं, मुळाशी ओल बेताची हवी, आणि पाणी-खत पानांवरून, शक्यतो संध्याकाळी द्यायला हवं. पुढच्या सगळ्या सूचना एवढ्याच गोष्टींतून निघतात.

आता फळ निवडायचं. इथं तुऱ्यासाठी फळ घ्यायचं आहे हे लक्षात ठेवा. तुरा हिरवागार, ताठ, मधली पानं ताजी असा हवा. बाहेरच्या दोन-चार पानांची टोकं वाळलेली असली तरी चालतं. मधली पानं पिवळी, मऊ किंवा करपलेली असतील तर ते फळ सोडा. दुकानात फ्रीजमध्ये ठेवलेला अननसही नको. हे उष्ण प्रदेशातलं झाड आहे, फार गारव्यात तुऱ्याचा जीव वरून दिसत नसला तरी आतून दुखावतो. काही फळांचा तुरा पेटीत मावावा म्हणून कापलेला किंवा मधला कोंब टोकरून काढलेला असतो. वरून बोटाने पानं फाकवून मध्यभागी पाहा, अगदी आत लहान, फिकट हिरव्या पानांचा झुबका दिसायला हवा. तो नसेल तर तुऱ्याला मुळं फुटतील, पण झाड नीट वाढणार नाही. आणि फळवाल्याला आधीच सांगा की तुरा कापू नका, अख्खं फळ द्या.

जातीचंही थोडं बघा. मुंबई-पुण्याच्या बाजारात येणारा पुष्कळ अननस केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वाझक्कुळम भागातला, मॉरिशस जातीचा असतो. या वाझक्कुळम अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फळ मध्यम, गर पिवळाधमक, पानांच्या दोन्ही कडांना काटे. कुंडीसाठी मी हीच जात सुचवेन, कारण झाड आटोपशीर राहतं आणि लवकर फळावर येतं. क्वीन जातही अशीच लहानखुरी आणि काटेरी असते, त्रिपुरातला क्वीन अननस त्याच्या वासासाठी नावाजलेला आहे. क्यू किंवा जायंट क्यू ही मोठ्या फळाची जात, दोन-अडीच किलोंपर्यंत जाणारी, डोळे पसरट आणि पानं जवळजवळ बिनकाट्यांची. घरात लहान मुलं असतील तर क्यू बरा, पण त्याला कुंडी मोठी लागते आणि धीरही जास्त लागतो. काटेरी जात लावलीत तर कुंडी जाण्या-येण्याच्या वाटेत ठेवू नका. पानांची टोकं पोराच्या डोळ्यांच्या उंचीला येतात.

तुरा काढायला सुरी लागत नाही. एका हाताने फळ घट्ट धरा, दुसऱ्या हाताने तुरा बुडाशी पकडा आणि पिळा. पिकलेल्या फळाचा तुरा एका झटक्यात सुटून येतो, खाली थोडा दांडा राहतो. फळ जरा कच्चं असेल तर तुरा सुटत नाही, मग सुरीने कापा. तुऱ्याला चिकटलेला गर मात्र सगळा काढून टाका, एक कणही ठेवू नका. गरात साखर असते, मातीत गेली की ती कुजते, मुंग्या बोलावते आणि बुरशी थेट कोंबापर्यंत पोचते.

मग खालची पानं काढायची. बुडाकडून एकेक पान धरून खाली ओढलं की ते अलगद सोलून निघतं. असं करत दोन-तीन सेंटिमीटर दांडा उघडा करा. इथं थोडं थांबून बारकाईने पाहा. पानं निघालेल्या जागी दांड्यावर तपकिरी रंगाचे बारीक उंचवटे दिसतील, कुठं कुठं पानाखाली दबलेली, दांड्याला वेढा घालून गेलेली पांढरट-तपकिरी तंतूंसारखी मुळंही दिसतील. फळ शेतात असतानाच झाडाने ही तयारी करून ठेवलेली असते. हे उंचवटे दिसले की मुळं फुटणार का ही शंका उरत नाही.

यानंतरची पायरी घाईत वगळली जाते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुरा लगेच लावायचा नाही. सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी उलटा किंवा आडवा ठेवून चार-सहा दिवस सुकू द्यायचा. पावसाळी दमट हवेत आठवडाभरही ठेवा. या काळात खालची जखम वाळून तिच्यावर खपली धरते. ओली जखम मातीत गेली तर कूज लागण्याची शक्यता फार वाढते. तुरा कोमेजेल ही भीती बाळगू नका. रात्री श्वास घेणारं हे झाड आपलं पाणी धरून ठेवतं, आठवड्याने तुरा जरा मलूल दिसला तरी लावल्यावर सावरतो.

ग्लासात पाणी भरून त्यात तुरा ठेवण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. तिनेही मुळं येतात आणि मुलांना ती फुटताना दिसतात, त्या दृष्टीने ती छान आहे. पाण्यात फक्त सोललेला दांडा बुडावा, पानं बुडू नयेत, आणि पाणी दर दोन दिवसांनी बदलावं. पण पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, मातीत नेताना बरीच मोडतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी सांगेन, सरळ मातीत लावा.

माती कशी असावी यावर जरा सविस्तर बोलायला हवं. अननसाला आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन आवडते. सामू साडेचार ते साडेपाच-सहाच्या दरम्यान. कोकणातली आणि गोव्यातली जांभ्याची तांबडी माती त्याला मानवते, तिथं नारळी-पोफळीच्या बागांत तो आंतरपीक म्हणून सुखाने वाढतो. घाटावर आपल्याकडे काळी माती असते. ती पाणी धरून ठेवते, सुकली की तडकते आणि बहुधा चुनखडीमुळे अल्कधर्मी असते. या तिन्ही गोष्टी अननसाच्या मुळावर येणाऱ्या. बागेतली काळी माती कुंडीत भरू नका, थोडी मिसळूही नका. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असं मिश्रण करा. मूठभर निंबोळी पेंड घाला. चूल किंवा बंब पेटवत असाल तर त्याची राख इतर झाडांना द्या, अननसाला नको, राखेने माती आणखी अल्कधर्मी होते. चुना तर नकोच.

सुरुवातीला सहा इंची कुंडी पुरे. मोठ्या कुंडीत लहान तुरा लावला की भोवतालची माती सुकत नाही. तळाला भोकं मोकळी आहेत ना ते पाहा, तुरा सोललेल्या दांड्याइतकाच खोल लावा, भोवतीची माती बोटांनी दाबून घट्ट करा. पानांच्या मध्यभागी माती जाऊ देऊ नका, कोंब मातीने बुजला की कुजतो. एकदा बेताचं पाणी द्या आणि कुंडी पहिले दोन-तीन आठवडे सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी ठेवा. त्यानंतर वरच्या इंचभर मातीत बोट घालून पाहायचं, कोरडी लागली तरच पाणी. दीड-दोन महिन्यांनी तुरा हळूच ओढून बघा. अडला तर मुळं धरली आहेत. मधून ताजी, लकाकती पानं निघू लागली की शंकाच नको. बाहेरची जुनी पानं या काळात वाळतात, ती वाळणारच. मधली पानं मात्र हलक्या ओढीने हातात आली आणि त्यांच्या बुडाला आंबूस वास आला तर कोंब कुजला आहे. ते रोप काढून टाका, माती बदला आणि दुसरा तुरा लावा.

लावायला कोणता महिना चांगला? घाटावर आणि विदर्भ-मराठवाड्यात जून-जुलै उत्तम, सप्टेंबरही चालतो. थंडीत लावलेला तुरा जगतो, पण तापमान 15 अंशांखाली गेलं की वाढ थांबते आणि तो नुसता बसून राहतो. कोकणात आणि मुंबईत जोराच्या पावसात नवी कुंडी उघड्यावर नको, वळचणीला किंवा छपराखाली ठेवा. मुळं नीट धरल्यावर मात्र पावसात ठेवायला हरकत नाही, निचरा चांगला असला म्हणजे झालं.

सहा-आठ महिन्यांनी झाड हातभर पसरतं. मग बारा ते चौदा इंची कुंडीत किंवा वीसेक लिटरच्या ग्रो बॅगेत हलवा. खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेली कुंडी घ्या, उथळ मुळांना ती सोयीची आणि फळ आल्यावर झाड कलंडत नाही. गच्चीवर ठेवणार असाल तर कुंडीखाली दोन विटा ठेवा. उन्हाळ्यात स्लॅबची धग थेट मुळांना लागते आणि पावसाळ्यात तळाची भोकं स्लॅबवर बसून बुजतात, विटांनी दोन्ही टळतं.

पाणी वरून झारीने, पानांवर घाला, बुडाशी थोडंसं साठेल इतकं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पावसात अजिबात नाही. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. इथं एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अगदी थोड्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अननसाच्या पानांची बेचकी त्याला पुरते. घरात किंवा गॅलरीत झाड असेल तर दर चार-पाच दिवसांनी झारीचं पाणी जोरात सोडून बेचकीतलं जुनं पाणी वाहून जाऊ द्या. डासांच्या दिवसांत बेचकीत पाणी साठवूच नका, थोडं मातीत द्या, झाडाचं काही बिघडत नाही.

खत थोडं थोडं, पण नियमाने. दर दोन महिन्यांनी कुंडीत दोन मुठी गांडूळखत, आणि महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, 19:19:19 विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. याहून तीव्र करू नका, टोकं करपतात. चहाचा चोथा घालायचा असेल तर आधी धुऊन त्यातली साखर आणि दूध काढा, नाहीतर मुंग्या लागतात.

घाटावर बोअरच्या पाण्यावर वाढणाऱ्या अननसाची नवी पानं कधी कधी पिवळी-पांढुरकी पडतात. अनेकजण खत कमी पडलं समजून खत वाढवतात. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. जड, क्षारयुक्त पाण्याने माती अल्कधर्मी झालेली असते आणि मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळतं. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा, पुढची पानं हिरवी येतात. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर अननसासाठी त्याहून चांगलं पाणी नाही.

कीड एकच त्रास देणारी, पिठ्या ढेकूण. पानांच्या बुडाशी, मातीलगत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की तीच. मुंग्या तिला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात, म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की पानं फाकवून आत बघाच. या किडीबरोबर विषाणूजन्य मरही येते, पानं लालसर होऊन टोकाकडून मागे वळतात आणि झाड खंगतं. थोडी कीड असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, जास्त असेल तर साबणाचं सौम्य पाणी आणि निंबोळी तेल फवारा, आणि आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. फूल कधी? आपल्याकडे दिवस लहान झाले आणि रात्री गार झाल्या की पुरेसं वाढलेलं झाड आपोआप फुलावर येतं, बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमाराला. पुरेसं वाढलेलं म्हणजे पस्तीस-चाळीस पानांचं, सगळ्यात लांब पान दोन फुटांच्या आसपास. जूनमध्ये लावलेला तुरा पहिल्या हिवाळ्यात लहानच असतो. दुसऱ्या हिवाळ्यात तो तयार झाला असेल तर फुलतो आणि त्यानंतरच्या उन्हाळा-पावसाळ्याच्या सुमाराला फळ देतो. तेव्हा तयार नसेल तर आणखी एक हिवाळा जातो. तुऱ्याचं झाड फुटव्याच्या झाडापेक्षा सावकाश वाढतं, त्याला इलाज नाही. कोकणात किंवा केरळात कुणाची अननसाची लागवड असेल तर तिथून बुडाशी आलेला फुटवा मागून आणा, तो पाच-सहा महिने आधी फळावर येतो.

झाड मोठं होऊनही फुलत नसेल तर त्याला चालना देता येते. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचगृहांत अननस वाढवणाऱ्यांच्या लक्षात आलं की धूर लागलेली झाडं एकदम फुलावर येतात. पुढं कळलं की धुरातल्या इथिलीन वायूमुळे हे घडतं. शेतकरी आज त्यासाठी इथेफॉन फवारतात, त्यामुळे सगळं शेत एकाच वेळी फुलतं. घरी एवढं करायची गरज नाही. पिकलेली सफरचंदं आणि केळी इथिलीन सोडतात. मधल्या बेचकीतलं पाणी काढून टाका, झाडाच्या बुडाशी दोन-तीन पिकलेली फळं ठेवा, वरून मोठी पारदर्शक पिशवी घालून कुंडीभोवती बांधा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. सावलीतच, कारण उन्हात पिशवीच्या आत झाड शिजून जाईल. नंतर पिशवी काढून कुंडी पुन्हा उन्हात. दोन महिन्यांच्या आत मधली पानं लाल होऊ लागली तर काम झालं. कॅल्शियम कार्बाइडचे खडे मात्र घरात आणू नका. फळं पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे, आणि पाण्याशी संयोग होऊन त्यातून निघणारा वायू पेट घेतो. आणि एक. वीस पानांच्या झाडाला असं फुलवू नका. फूल येईल, पण फळ लिंबाएवढं राहील.

फुलोरा बघण्यासाठी तरी अननस लावावा असं मला मनापासून वाटतं. आधी झाडाच्या मध्यावर लाल-गुलाबी छटा येते. मग त्यातून लालभडक कणसासारखा फुलोरा दांड्यावर वर येतो, आणि बुडाकडून सुरुवात करून रोज काही निळी-जांभळी फुलं उमलतात. एकेक फूल एका दिवसाचंच. असं दोन-तीन आठवडे चालतं. फुलोऱ्यात शंभर-दोनशे फुलं असतात आणि प्रत्येक फुलाचा पुढं एक डोळा होतो, सगळे डोळे एकमेकांत मिसळून एक फळ बनतं. अननसाचं फूल आपल्याच जातीच्या परागाने बी धरत नाही आणि फळ परागाशिवायच धरतं, म्हणून परागीभवनाची काळजी करायची नाही. ते न झाल्यामुळेच फळ बिनबियांचं राहतं. फुलोऱ्याच्या काळात मध्यावर पाणी घालू नका, मातीला द्या.

फूल दिसल्यापासून फळ काढेपर्यंत पाच-सहा महिने जातात. या काळात पोटॅश हवं, महिन्यातून एकदा 0:0:50 लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात फवारा. फळ जड झालं की दांडा वाकतो, बांबूची काठी रोवून सैल बांधा. एप्रिल-मेच्या उन्हात फळाची पश्चिमेकडची बाजू भाजते, आधी पांढुरकी मग तपकिरी होते आणि आतून सडते. नागपूर-अकोल्याकडे तर हे हमखास होतं. झाडाचीच लांब पानं वर घेऊन फळाभोवती सुतळीने बांधा किंवा वर्तमानपत्राची टोपी घाला, आणि दुपारी सावली येईल अशी जागा द्या. पिकायला लागलं की वास सुटतो आणि तो उंदीर, खारी, माकडं सगळ्यांना कळतो. शेवटच्या तीन आठवड्यांत फळाला जाळीचा पिंजरा करा.

काढायची वेळ नीट साधा. अननसात साठवलेलं पिष्ट नसतं, त्यामुळे झाडावरून उतरवल्यावर तो मऊ होतो, रंग बदलतो, पण आणखी गोड होत नाही. बाजारातल्या फळाहून घरच्या फळाची गोडी वरचढ लागते याचं कारण एवढंच की आपल्याला ते झाडावर ठेवता येतं. बुडाकडचे डोळे पिवळे होऊन रंग निम्म्यापर्यंत चढला, टोकदार डोळे सपाट झाले आणि जवळ गेल्यावर वास आला की दोन-तीन इंच दांडा ठेवून कापा. कुंडीतलं फळ लहान असतं, पाऊण ते सव्वा किलोचं, त्याने हिरमुसू नका.

खाताना जीभ चुरचुरते ती त्यातल्या ब्रोमेलेन या प्रथिनं पचवणाऱ्या द्रव्यामुळे. शिरा, मुरांबा किंवा गोव्याकडचं अननसाचं सासव करताना हे जाणवत नाही, शिजवलं की ते निष्प्रभ होतं. दुधाशी कच्चा अननस मिसळला तर मात्र दूध कडू होतं, आधी साखरेत शिजवून घ्या.

परदेशात, थंड हवेत राहणाऱ्यांनीही हा प्रयोग करायला हरकत नाही. तिकडच्या दुकानांत बहुधा एमडी-2 जातीचा गोड अननस मिळतो, त्याचा तुराही असाच लागतो. हिम पडलं की झाड मरतं, म्हणून शरद ऋतूत कुंडी घरात दक्षिणेच्या खिडकीपाशी आणायची, हिवाळ्यात पाणी अगदी कमी करायचं आणि उन्हाळ्यात पुन्हा अंगणात न्यायची. प्रकाश कमी पडतो म्हणून तीन वर्षं धरून चाला. लाईटची सोय केली तर फरक पडतो.

फळ काढल्यावर मूळ झाड पुन्हा फळत नाही, पण ते उपटू नका. बुडाशी आणि पानांच्या बेचक्यांत फुटवे आलेले असतात. त्यातला एक, फार तर दोन, जोमदार फुटवे झाडावरच राहू द्या. आईची मुळं त्यांना मिळतात आणि पुढचं फळ पहिल्यापेक्षा लवकर, साधारण सव्वा वर्षात येतं. बाकीचे फुटवे वीतभराहून मोठे झाले की पिळून सोडवा, तुऱ्यासारखेच सुकवून वेगळ्या कुंड्यांत लावा. ठेवलेल्या फुटव्याच्या बुडाशी मातीची भर घाला, कारण त्याची स्वतःची मुळं जमिनीच्या वरच फुटतात आणि भर नसेल तर तो फळाच्या भाराने आडवा होतो. दुसरं फळ निघालं की कुंडीतलं मिश्रण पूर्ण बदला आणि नव्या फुटव्याने नवी सुरुवात करा. त्याच मातीत तिसऱ्यांदा धरलेलं फळ फारच लहान येतं.